सोलर २, ३ की ५ किलोवॅट? नेट मीटरमध्ये उरलेल्या युनिटचं शेवटी काय होतं? (सोलापूर)

अनघा_जुळेसोलापूर

नमस्कार. जुळे सोलापुरात आमचं स्वतंत्र घर आहे, वर मोकळी गच्ची. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे. मे महिन्याचं बिल बघितल्यापासून सासऱ्यांनी सोलरचा विषय धरून ठेवलाय. पीएम सूर्यघर, म्हणजे छतावरच्या सोलरला केंद्राची सबसिडी देणाऱ्या योजनेतूनच करायचं, इथपर्यंत घरात एकमत आहे. पुढे गाडी अडली आहे.

मी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून बसले. मार्च ३३०, एप्रिल ४६०, मे ४८०, जून २३०. बाकीचे महिने २०० ते २२०. वर्षाची बेरीज ३,१३० युनिट. एक एसी आहे, तो फक्त उन्हाळ्यात रात्री चालतो. शिवाय कूलर, फ्रिज, पाण्याची मोटार, मुलांचा टीव्ही.

दोन ठेकेदार गच्ची बघून गेले. पहिला म्हणाला ३ किलोवॅट पुरे. दुसरा म्हणतो, "एवढी गच्ची आहे तर ५ च घ्या, उरलेली वीज विका, घरबसल्या उत्पन्न." सासऱ्यांना हे पटलंय. मला त्याचा हिशेब जुळत नाही, पण उलट बोलायला माझ्याकडे आकडे नाहीत.

उरलेल्या युनिटचे पैसे दर महिन्याला येतात की वर्षातून एकदा? आपण ज्या दराने वीज घेतो त्याच दराने मिळतात का? ५ किलोवॅटला सबसिडी जास्त आहे का? आमचा मंजूर भार, म्हणजे जोडणीला ठरवून दिलेली विजेची मर्यादा, २ किलोवॅटचा आहे, तो आधी वाढवून घ्यावा लागेल का? आणि लाइट गेली की सोलरवर पंखे तरी चालतात का? कुणी प्रत्यक्ष वापरत असेल तर सांगा की.

शिल्पनिदेशक_विजापूररोड

अनघाताई, बारा महिन्यांची बिलं घेऊन बसलात हे फार चांगलं केलंत. माझी नोकरी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवण्यात गेली आणि आमच्या गच्चीवर नेट मीटरवालं सोलर आहे. लोक गच्चीचं माप घेऊन किलोवॅट ठरवतात. ते बिलाच्या बेरजेवरून ठरवायचं असतं.

आधी नेट मीटरचं काम समजून घ्या. हा मीटर दोन रजिस्टर ठेवतो. लाइनवरून घरात आलेली वीज म्हणजे आयात आणि घरातून लाइनवर गेलेली म्हणजे निर्यात. महिन्याच्या शेवटी आयातीतून निर्यात वजा. आयात जास्त असेल तर फरकाचं बिल. निर्यात जास्त असेल तर फरकाची युनिटं तुमच्या नावावर जमा राहतात आणि पुढच्या महिन्यात वजा होतात. म्हणजे दर महिन्याला पैसे येत नाहीत, युनिट जमा होतात. तुमचा एसी रात्री चालला तरी दिवसा पाठवलेली युनिटं त्यात वळती होतात. घरगुती ग्राहकाला नेट मीटरचा खरा फायदा हाच.

ही जमा ३१ मार्चला संपते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांप्रमाणे आर्थिक वर्षाच्या शेवटी जी युनिटं वळती न होता उरतात ती वितरण कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते, आणि १ एप्रिलला तुमची जमा पुन्हा शून्यापासून सुरू होते. हा खरेदीचा दर तुम्ही मे महिन्यात वरच्या टप्प्यात जो दर मोजता त्याच्या जवळपासही नसतो. ठेकेदार "वीज विका" म्हणतो तेव्हा एवढंच सांगायचं राहून जातं.

आता आपल्या सोलापूरचं बघा. ३१ मार्च म्हणजे आपला उन्हाळा नुकता तापायला लागलेला. ऑक्टोबरपासून साठवत आणलेली युनिटं नेमकी एप्रिल-मेच्या तोंडावर हिशेबातून जातात. थंड हवेच्या गावात याने फार बिघडत नाही, आपल्याकडे बिघडतं.

तुमच्याच आकड्यांवर मांडून दाखवतो. आपल्या भागात १ किलोवॅट पॅनेल ढोबळमानाने दिवसाला ४ युनिट देतं. मार्च-एप्रिलमध्ये साडेचार, जुलै-ऑगस्टच्या ढगात ३ वर येतं. लोकांना वाटतं मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज येणार. तसं होत नाही. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको. बाहेर ४३ अंश असताना काच साठीच्या पुढे जाते आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटतं. पॅनेल ६५ अंशांवर गेलं की सात-आठ पॅनेलमागे एक बंद ठेवल्यासारखंच झालं.

३ किलोवॅट बसवलं तर वर्षाला ४,१०० च्या आसपास युनिट येतील. एप्रिलमध्ये सुमारे ४०५ येतील, तुम्हाला लागतात ४६०. मेमध्ये ४०० येतील, लागतात ४८०. म्हणजे दोन महिने थोडं बिल येईलच. जूनपासून मात्र दर महिन्याला साठत जाईल. जून ९०, जुलै-ऑगस्ट सत्तर-सत्तर, थंडीत १३० ते १६०. असं करत ३१ मार्चला ११०० च्या आसपास युनिटं शिल्लक राहतील आणि कमी दरात जातील. दुसऱ्या दिवसापासून एप्रिलचा एसी पुन्हा विकतच्या विजेवर.

२ किलोवॅटला वर्षाला २,७५० च्या आसपास युनिट येतील. एप्रिलचं बिल १९० युनिटचं, मेचं २१० च्या आसपास, पावसाळ्यात महिन्याला पंधरा-वीस युनिटचं. मार्चअखेर शंभरच्या आतच शिल्लक. जवळजवळ सगळी वीज तुमच्याच घरात मुरली.

५ किलोवॅटला ६,९०० च्या घरात युनिट येतील आणि त्यातली ३,७०० कमी दरात जातील. तुमच्या घरच्या गरजेपेक्षा जास्त वीज विकायला काढल्यासारखं झालं, आणि तीही मिळेल त्या भावाने. सासऱ्यांना हाच आकडा दाखवा.

यात अजून एक बारकावा आहे. आपलं घरगुती बिल टप्प्यांचं. पहिले १०० युनिट स्वस्त, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढचा टप्पा सगळ्यात महाग. सोलरची युनिटं वजा झाली की आधी वरचा महाग टप्पा जातो. म्हणून पहिला किलोवॅट सगळ्यात जास्त पैसे वाचवतो, दुसरा त्याहून कमी आणि तिसरा जेमतेम. सबसिडीची रचनाही त्याच चालीची आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, आणि पुढे काही नाही. २ किलोवॅटला ६०,०००, ३ ला ७८,००० आणि ५ ला सुद्धा ७८,०००. चौथा-पाचवा किलोवॅट पूर्ण तुमच्या खिशातून.

माझं मत स्पष्ट आहे. घरात काही वाढणार नसेल तर २ किलोवॅट. सासू-सासऱ्यांच्या खोलीत दुसरा एसी येणार असेल, इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असेल किंवा स्वयंपाक गॅसवरून इंडक्शनवर न्यायचा असेल तर ३. पाच नको.

"शून्य बिल" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. युनिट शून्य झाली तरी स्थिर आकार दर महिन्याला येतोच.

मंजूर भाराची काळजी नको. ग्राहक हक्क नियमांत केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती केली. १० किलोवॅटपर्यंतच्या छतावरच्या सोलरला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही, अर्ज मान्य झाला असं धरलं जातं आणि लागेल तेवढा भार वितरण कंपनीच वाढवून देते. ५ किलोवॅटपर्यंत लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर सुधारायची वेळ आली तर तो खर्चही कंपनीचा. "भार वाढवायला वेगळे पैसे द्या" असं कोणी म्हणालं तर हा नियम समोर ठेवा.

लाइट गेली की सोलरचा साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, बंद पडतो. भर उन्हात पॅनेल तापलेलं असतं आणि घरात पंखा बंद, याचा लोकांना राग येतो. पण ते मुद्दाम तसंच केलेलं असतं. वायरमन खांबावर लाइन बंद समजून काम करत असताना आपल्या गच्चीवरून करंट गेला तर त्याचा जीव जाईल. माझे कितीतरी विद्यार्थी आज खांबांवर चढतात, त्यामुळे या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा. घरी आधीपासून साधा इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर पंखे-दिव्यांना तोच ठेवा.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

निदेशक सरांनी लिहिलंय ते घरगुती ग्राहकांचं. इथे कारखानदार मंडळीही वाचतात म्हणून सांगतो, हाच हिशेब कारखान्याला लावू नका.

आमच्यासारख्या औद्योगिक जोडणीला टीओडी असतं, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे दर वेगळा. नेट मीटरिंगमध्ये ज्या वेळेच्या टप्प्यात युनिट तयार झालं ते आधी त्याच टप्प्यातल्या वापरात वळतं होतं. त्यातून जे उरलं ते सगळ्यात स्वस्त टप्प्यातलं धरलं जातं. दुपारी तयार झालेलं युनिट संध्याकाळच्या महाग टप्प्यात वापरता येत नाही. त्यात २०२५ च्या दर आदेशानंतर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ही वेळ स्वस्त झाली आणि संध्याकाळ महाग. म्हणजे पॅनेल जेव्हा वीज देतं तेव्हाच ती स्वस्त.

म्हणून आमच्याकडे दिवसपाळीत माग, वॉर्पिंग (ताणा गुंडाळण्याच्या) आणि शिलाईच्या मशिनी मिळून जेवढा भार खरोखर चालतो तेवढंच सोलर बसवलंय. तयार होईल तेवढी वीज तिथल्या तिथे खपते. सुट्टीच्या दिवशी जाईल तेवढी लाइनवर जाते, ती मी नफ्यात धरत नाही. रात्रपाळीच्या भरवशावर मोठा प्लांट टाकायचा विचार करणाऱ्यांनी आधी आपल्या बिलावरचे टीओडीचे रकाने नीट वाचावेत. आमच्या धंद्यात सूत, मजुरी आणि वीज या तीन गोष्टींवर टॉवेलचा भाव ठरतो. त्यातली एक तरी हातात राहावी म्हणून हे सगळं करतोय.

शेळगी_गच्ची

ताई, सावलीकडे बघा. हा मुद्दा कुणी बोलत नाही. आमच्याकडे ठेकेदार मे महिन्यात माप घ्यायला आला होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, दुपारी टाकीची सावली टाकीच्या पायातच राहते. सगळी गच्ची उन्हात दिसते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि भर दुपारी पाच फुटी टाकीची सावली उत्तरेला चार-साडेचार फूट पडते, तीन-चारनंतर त्याहून लांब. टाकी किंवा जिन्याची खोली दक्षिणेला असेल आणि पॅनेल तिच्या उत्तरेला, तर थंडीत फटका बसणार. एका कोपऱ्यावर सावली आली तरी त्या सगळ्या ओळीचं उत्पादन पडतं.

दुसरं, धूळ. आपल्याकडे पाऊस कमी, पॅनेल आपोआप धुऊन निघत नाहीत. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यात बोअरचं पाणी जड. ते काचेवर वाळलं की पांढरे डाग बसतात, ते निघता निघत नाहीत. नळाच्या पाण्यात मऊ फडकं भिजवून पहाटे पुसून घ्यावं. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नये. पहाटे पुसायला जमेल अशी वाट पॅनेलच्या मधून ठेवायला ठेकेदाराला आधीच सांगा, नंतर तो ऐकत नाही.

अनघा_जुळेसोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांचे आकडे कागदावर उतरवून रात्री जेवताना सासऱ्यांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा बेरीज केली आणि "पाच नको" म्हणाले. दुसरा एसी त्यांच्याच खोलीत घ्यायचा आमचा विचार होता, त्यांना उन्हाळ्यात झोप लागत नाही. त्यामुळे ३ वर आलोय.

सासूबाईंची एक अट आहे. गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे घालायला जागा राहिली पाहिजे. ठेकेदार उंच सांगाडा देतो म्हणतो, खालून चालता येईल असा. तसं करावं का?

आणि एक राहिलंच. वीजबिल अजून माझ्या आजेसासऱ्यांच्या नावावर आहे, ते जाऊन बरीच वर्षं झाली. अर्ज सासऱ्यांच्या नावाने केला तर चालेल ना? शिवाय शेजारच्या काकांच्या घरी सोलरच्या मीटरवर १२ युनिट दिसतात आणि नेट मीटरवर निर्यात ८ च. मधले ४ कुठे जातात, असं ते विचारत होते.

शिल्पनिदेशक_विजापूररोड

आधी शेजाऱ्यांचं सांगतो. ते ४ युनिट त्यांच्याच घरात खर्च झाले. सोलर मीटर पॅनेलने तयार केलेली सगळी वीज मोजतो. त्यातली दिवसा फ्रिज, मोटार, पंखे यांनी वापरलेली वीज नेट मीटरपर्यंत पोचतच नाही. उरलेली बाहेर जाते, तीच निर्यात. त्यांना फ्रिज सोडून सगळं बंद करून दुपारी तासभर दोन्ही मीटर बघायला सांगा, आकडे जवळ येतील. तुमचं बसलं की पहिल्याच दिवशी दोन्ही मीटरच्या डिस्प्लेचे फोटो काढून ठेवा. डिस्प्ले थोड्या थोड्या वेळाने बदलत जातो, आयात आणि निर्यात दोन्ही येईपर्यंत थांबा. दर महिन्याच्या रीडिंगलाही तसाच फोटो. बिलावर आयात, निर्यात आणि मागची जमा हे तीन आकडे त्या फोटोशी ताडून बघा. फरक वाटला तर १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, आणि तिथे निकाल लागला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.

सांगाडा उंच घ्यायला हरकत नाही, ३ किलोवॅटला सुमारे ३०० चौरस फूट जागा जाते आणि सासूबाईंची मागणी रास्त आहे. पण आपल्याकडे वळवाचा वारा सुटतो तेव्हा पत्रे उडतात हे विसरू नका. उंच सांगाड्याचे पाय स्लॅबमध्ये नीट बांधलेले हवेत, नुसते सिमेंटच्या ठोकळ्यावर ठेवलेले नकोत. लोखंड गॅल्व्हनाइज केलेलं घ्या, रंग मारलेलं नको. वाळवणाला सावली नको असते, तेव्हा पॅनेल उत्तरेच्या बाजूला आणि मोकळी जागा दक्षिणेला ठेवायला सांगा. टाकी कुठे आहे ते आधी बघा, शेळगीकरांनी सांगितलेलं खरं आहे. अर्थिंग तीन वेगळी हवीत. एक पॅनेलकडच्या डीसी विजेचं, एक इन्व्हर्टरनंतरच्या एसी विजेचं (खोलीतल्या एसीचं नव्हे), एक आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचं. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडून मोकळे होणारे आहेत, म्हणून खड्डे खणताना घरातल्या कुणीतरी उभं राहा.

नावाचं काम मात्र सगळ्यात आधी. पोर्टलवरचा अर्जदार, वीजबिलावरचं नाव आणि सबसिडी जमा होणारं बँक खातं, या तिन्ही ठिकाणी एकच व्यक्ती असली पाहिजे. आजेसासऱ्यांच्या नावाने आता अर्ज करताच येणार नाही. महावितरणकडे नावबदलाचा अर्ज ऑनलाइन करता येतो. मृत्यूचा दाखला, घराचा उतारा किंवा कराची पावती आणि इतर वारसांची संमती काढून ठेवा. थकबाकी असेल तर आधी भरा. नवीन नावाचं एक बिल हातात आलं की मगच सूर्यघरच्या पोर्टलवर नोंदणी करा.

ठेकेदाराला पैसे देताना शेवटचा हप्ता नेट मीटर बसून प्लांट सुरू होईपर्यंत हातात ठेवा. सबसिडी थेट सासऱ्यांच्या खात्यात येते. ती ठेकेदाराच्या खात्यात वळवायचं कुठलाही कागद तो पुढे करत असेल तर सही करू नका. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचे, म्हणजे डीसीआर हवेत, त्याशिवाय सबसिडी नाही. पाच वर्षांची देखभाल योजनेतच ठेकेदारावर बंधनकारक आहे, ती करारात लिहून घ्या.

बसल्यावर दर वर्षी फेब्रुवारीचं बिल आलं की जमा युनिट बघायची सवय लावा. ३ किलोवॅटला तुमच्याकडे हजारभर जमा दिसेल. मग मार्चभर स्वयंपाक इंडक्शनवर करा, पाणी गिझरवर तापवा, सासऱ्यांच्या खोलीतला एसी रात्रभर चालू द्या. ती युनिटं ३१ तारखेला स्वस्तात जाण्यापेक्षा त्यांना शांत झोप लागलेली बरी.